पानाची कात्री

किंक्रांतीला चांगलं काम काढू नये म्हणतात.
आम्ही विड्या वळतोच.
ब्रँचमधल्या चेकरला सण कळत नाही,
हजार म्हणजे हजार.

सुपात साडेचारशे झाल्या होत्या
तेव्हा अंबव्वाचा नातू पळत आला:
"अव्वा, टाकीमागच्या बाभळीत
पांढरं काहीतरी लटकलंय,
आणि ते आपल्याकडंच बघतंय."

उठले तशी कात्री हातातच राहिली.
तेंदूची पानं कापून, घासून घासून
पातं निम्मं उरलेलं.

कापशी होती. हे नाव नंतर कळलं.
पिंजलेल्या कापसासारखी छाती, खांद्यावर काजळ,
आणि डोळे.
गुंजेसारखे म्हणावं, तर गुंज थंड असते.
राख फुंकल्यावर निखारा दिसतो, तसे.

हिरवा नायलॉनचा मांजा.
पंखाला तीन वेढे, पायाला एक, उरलेला काट्यांत.
पोरं मोबाइल धरून उभी.
एकाच्या हातात खडा होता,
मी बघितल्यावर त्यानं तो खिशात टाकला.

जन्मभर मी दोरा गुंडाळत आले.
विडीच्या गळ्याशी दोन वेढे, नखानं टोक आत.
निसटू नये इतका घट्ट, धूर यावा इतका सैल,
ते बोटांना विचारा, मला सांगता यायचं नाही.
आज तीच बोटं उलटी चालवायची होती.

डोक्यावर पदर टाकला तिच्या
आणि तिनं अंगठा धरला,
पदरातून, कातड्यातून, पार आतपर्यंत.
तोंडातून तेलुगूतली शिवी निघाली, आईवरची.
पोरं हसली.
तिनं अंगठा सोडला नाही.
मग तसंच, एका हातानं, कापत गेले.

घरी तंबाखूची चिमूट जखमेवर दाबली,
दुसरी तिच्या पंखाकडं नेली,
तोवर मल्लिनाथ फोनवर ओरडला,
"मावशी, नको! काही लावू नका, पाणी पाजू नका,
खोक्यात ठेवा, अंधार करा,
बोलूसुद्धा नका तिच्याशी."
मल्लिनाथ अक्कलकोट रोडला पंक्चर काढतो,
सुट्टीच्या दिवशी घुबडं, साप, असलं काय काय.

खोक्यावर लिहिलेलं: टर्किश टॉवेल, सहा नग.
आत रात्रभर पुठ्ठ्यावर नखं.
एकदा फटीला डोळा लावला
तर पलीकडूनही एक डोळा लागलेला.
त्यात कुणी आभार शोधील तर शोधो.
मला दिसलं ते एवढंच, की
मांजा होता तशी मीही एक,
तिला धरून ठेवणारी.

सकाळी तो खोका मोटरसायकलला बांधून घेऊन गेला,
पुढं वनखातं, डॉक्टर, नान्नजकडं कुठंतरी.
माझा अंगठा भोपळ्यासारखा सुजला.
आठ दिवस विडी नाही.
किती हजार बुडाले ते सुनेनं मोजलं,
बोलली नाही,
पण भाकरी थापायच्या आवाजात कळतं.

फेब्रुवारीत मीच फोन लावला.
मागं हवेचा पंप, ट्रक, हॉर्न.
"ती कापशी रे?"
"गेली, मावशी."
"गेली म्हणजे?"
पंप सुरू झाला, फोन कटला.

आमच्या घरात म्हणतात, पोयिंदी.
तोही शब्द तसलाच, दोन्हीकडून उघडा.
परत लावला नाही फोन.

ब्रँचला जाताना तारांकडं बघते.
बहुतेक पारवे असतात.
अंगठ्यावरच्या वणाला दोरा अडतो, दर विडीला एकदा.
चेकरनं परवा कट्टा परत टाकला,
"सैल झालंय बाई तुझं."

काल कात्री धारेला दिली.
खिळा ढिला केला तसा आतून
हिरवा तंतू निघाला, नखाएवढा.
धारवाल्यानं चिमटीत धरून विचारलं, "हे काय?"
राहू दे म्हटलं.
मग म्हटलं, नको,
काढ.