अर्धा पडदा

आधी चौकटीचा कागद. त्यावर पेन्सिल, मग खोडरबर, मग पुन्हा पेन्सिल.
चारशे वीस त्रिकोण, रांगेने उत्तरेला निघालेले.
आमच्या नोव्हा स्कोशियात या नमुन्याला उडते हंस म्हणतात.
खरे हंस ऑक्टोबरात खाडीवरून ओरडत दक्षिणेला जातात,
माझे उलटे. त्याला इलाज नाही,
पलंग तसा ठेवलाय.

अडतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हॅडकचे काटे काढले.
बोटांना बारीक कामाची खोड लागली,
मी निवृत्त झाले, ती झाली नाही.
घरात अकरा गोधड्या आणि माणसं दोन,
त्यातलं एक मांजर.
मुलगा अल्बर्टात असतो, पिसांची रजई ओढून झोपतो.
"कुणासाठी शिवतेस?" फोनवर विचारतो.
मी म्हणते, दोरा संपवायचाय.

मंगळवारी आम्ही अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमतो,
बंबाच्या शेजारी टेबलं जोडून.
थेडा कॉर्कम दर वेळी सांगते, एक तुकडा मुद्दाम चुकवावा,
निर्दोष काम फक्त देवाचं.
मला मुद्दाम चुकवायची कधी गरज पडली नाही.

तर यंदा अडलं ते पिवळ्यावर.
निळे होते, नवऱ्याचे कामाचे शर्ट, कोपरांशी विरलेले.
राखाडी होता, विटकरी होता, शाळेच्या बँडचा एक हिरवा.
पण मधल्या रांगेला जो पिवळा हवा होता
तो दुकानात नव्हता. दुकानातला पिवळा
कालच जन्मल्यासारखा.
तो होता शेजारी, ऑर्लंड निकलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.

ऑर्लंडशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.
कुंपण. दीड फूट.
दीड फूट त्याला मिळालं, मोजणीवाल्याचं बिल मला.
नऊ वर्षं मी त्याच्या घराकडे पाठ करून कपडे वाळत घातले
आणि नऊ वर्षं, आता कबूल करते,
खांद्यावरून त्या पडद्याकडे बघत आले:
वर मोहरी, खाली येता येता लोणी,
आणि कडेला, जिथे ऊन थेट पडतं,
जवळजवळ काहीच नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी कुंपणाला वळसा घालून गेले.
साठ पावलं, बर्फातून जरा जास्त.
खिशात कातर होती, हे दार वाजवल्यावर लक्षात आलं.
समेटाची दोन वाक्यं पाठ केली होती,
उंबऱ्याशी दोन्ही उसवली
आणि तोंडातून निघालं, "तुझा पडदा दे."

तो होड्या बांधायचा.
एका वाकड्या फळीसाठी माणूस कुठवर जातो ते त्याला ठाऊक होतं.
कशाला, म्हणून विचारलं नाही.
स्टूल ओढलं, दांडी उतरवली,
दोनांतला एक काढून माझ्या हातात दिला.
"दुसरा राहू दे. खिडकी नागडी दिसते."

हाताने धुतला, इस्त्री फिरवली, तळणाचा वास तरी गेला नाही.
विरलेलं वगळून एकोणतीस त्रिकोण निघाले.
हवे होते तीस.
तिसावा दुकानातल्या त्या कोऱ्या पिवळ्याचा लावला,
दहा पावलांवरून ओळखू येतो.
थेडाला वाटलं, तिचं ऐकलं.

एप्रिलात वरची बाजू जोडून झाली,
उजेडात बघावी म्हणून दोरीवर टाकली.
ऑर्लंड आला, त्याच्या त्या दीड फुटावर उभा राहिला,
एक डोळा मिटून, होडीचा कणा बघावा तसा बघत.
"डावीकडून सातवा," म्हणाला. "कोपरा जुळत नाही."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही.
चार दिवस.

पाचव्या रात्री सातवा उसवायला घेतला. कोपरा खरंच जुळत नव्हता,
सुतभर, पण नव्हता.
मान वर केली तर समोर त्याची अर्धी खिडकी,
आत दिवा, टेबलाशी तो, कानावर एक पेन्सिल, हातात दुसरी,
पुढ्यात चौकटीचा कागद.
होडी काढत असेल, म्हटलं.

काटे शोधून शोधून माझे डोळे अजून तल्लख आहेत.
होडीला इतके त्रिकोण लागत नाहीत.