बाजू दुसरी

विट्याच्या स्टँडसमोर माझं दुकान.
पाटीवर अजून 'तांबोळी रेकॉर्डिंग सेंटर',
आत मोबाइलची कव्हरं, काचा, चार्जर.
पाटी बदलायला तीन हजार मागतात, म्हणून राहिली.

एक्क्याण्णव साली मागच्या खोलीत
यल्लाप्पा कोरव्याची सनई भरून घेतली मी.
रात्री, शेवटची आटपाडी गाडी गेल्यावर.
दिवसा हॉर्नच फार.
भिंतींना गोणपाट, दाराच्या फटीत माझी लुंगी,
सूर धरायला त्याचा थोरला, फुगल्या गालांनी पेंगत.
साठची कॅसेट, तीस-तीस मिनिटं.
भैरवी ऐन चढाला आली आणि फीत संपली. खट्.
म्हटलं, थांबा, बाजू बदलतो.
तो म्हणाला, श्वास काय बाजू बघून घ्यायचा का मालक?
दुसरी बाजू सुरू होते ती त्याच्या खोकल्यानं.

दोनशे प्रती काढल्या, बावीस रुपयाला एक.
त्याला रोख साडेतीनशे, वर दहा कॅसेटी
आणि पोरीच्या लग्नात लाउडस्पीकर फुकट.
खपायच्या कशा म्हणाल तर
गलाईवाले जत्रेला गावी यायचे, जाताना न्यायचे.
लेंगऱ्याचा कोचीनला, भाळवणीचा कानपूरला,
सोनं गाळायच्या भट्टीशेजारी
टेपवर कोरव्याची सनई.
वितरण वितरण म्हणतात ते आमचं एवढंच:
ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत,
लसणाच्या चटणीला लागून.

मग सीडी आली, गेली.
मग मेमरी कार्ड, दहा रुपयांत पाचशे गाणी.
पोरं गाण्याचं नाव विचारत नसत, जीबी विचारत.
मीही भरून दिली, खोटं कशाला बोलू.
सगळ्यांत शेवटी कोरव्याची सनई टाकायचो, न सांगता.
कुणी ठेवली, कुणी पुसली, कळलं नाही.

परवा नात म्हणाली, दादा, हे ऐका.
पडद्यावर कुठल्या तरी वाळवंटातला महाल,
नाव 'मंगल शहनाई, भाग तीन',
कलाकार: विविध.
विविध!
अहो, सुरुवातीला करकरतंय ते माझं शटर.
कुणाच्या ट्रंकेतून निघाली, कुणी चढवली,
कोचीनहून की कानपूरहून, अल्ला जाणे.

खाली बटण: विकत घ्या, बारा रुपये.
घेतली.
जन्मभर विकली ती चीज
पहिल्यांदा विकत घेतली.
हातात काही आलं नाही, पावती तेवढी आली.
अल्फियाला म्हटलं, आता ही एकाला पाठव.
म्हणाली, देता येत नाही, दादा.
विकत घेतली ना आपण?
घेतली. पण देता येत नाही.
यावर मी रात्रभर विचार केला.
माझ्या दुकानातून एक कॅसेट जायची
ती सात घरं फिरून, कव्हर हरवून परत यायची,
आणि माझं नुकसान व्हायचं, मला माहीत होतं.

तिसाव्या मिनिटाला खट्.
'नेट गेलं,' अल्फिया म्हणाली.
नेट नाही गं. फीत संपली.
आता दुसरी बाजू लाव.
तिनं वर-खाली शोधलं.
दुसरी बाजू कुणी चढवलीच नव्हती.

संध्याकाळी यल्लाप्पाच्या नातवाकडे गेलो.
महांतेश. स्टँडमागे आम्लेट-पावचा गाडा.
फोन अंड्यांच्या ट्रेवर ठेवला, लावली.
तो कांदा चिरत राहिला.
भैरवीला सुरी जरा हळू झाली, किंवा मलाच वाटलं.
खट्.
तिथून पुढचे चार सूर त्यानं नाकातनं म्हटले,
जे माझ्या कुठल्याच बाजूवर नाहीत,
आणि मग तो खोकला, कांद्यानं असेल.

मी बारा रुपये काढले. तुझ्या आज्ज्याचे, म्हटलं.
'रोख कशाला, स्कॅन करा की.'
केलं.
गाड्याला टांगलेला डबा खणखणीत ओरडला:
बारा रुपये प्राप्त झाले.
सांगली गाडीची वाट बघणाऱ्या दोघांनी वळून बघितलं.
महांतेशनं तव्यावर अंडं फोडलं,
म्हणाला, मिरची चालती ना तुम्हाला?