सात नंबरची प्लेट

सकाळी साडेसातला उलव्याच्या खाडीकडच्या प्लॉटवर
मी तिवई रोवते, बुडबुडा मधोमध आणते,
आणि सदू स्टाफ धरतो एकेका प्लेटच्या नळीवर.
कालची जमीन आज तिथं नसते.
तीन मिलिमीटर. चार. तीन.

खाली चौदा मीटर खाडीमाती,
निळसर काळी, बोटांत घेतली की लोणी,
वास कालवांचा.
बोअर घेताना हातोडा मारावाच लागला नाही,
नळी आपल्याच वजनानं खाली गेली,
ड्रिलर म्हणाला, ‘मॅडम, शून्य लिहा.’

त्या शून्यात आम्ही वाती सोडल्यात,
प्लास्टिकच्या, चार बोटं रुंद,
दर सव्वा मीटरला एक.
वर डोंगर फोडून आणलेला मुरूम, साडेतीन मीटर.
ओझं बसलं की पाणी वातींवाटे चढतं,
वाळूच्या थरातून चरात येतं,
खारट, गंजाच्या रंगाचं.
लोक दबक्या आवाजात म्हणतात ना,
कुठंतरी पाणी मुरतंय?
इथं उघड मुरलंय, हजारो वर्षांचं.
ते निघेपर्यंत थांबायचा मला पगार मिळतो.

बिल्डरचा माणूस गाडीची काच अर्धी खाली करतो,
‘अजून किती?’
‘पावसाळ्यापर्यंत तरी.’
‘आणि पाइल मारून आत्ताच सुरू केलं तर?’
त्याला मी नेरूळची आमची सोसायटी सांगते.
पाइल खडकावर टेकलेत, इमारत जागची हललेली नाही,
भोवतालची जमीनच तिला सोडून खाली गेली.
जिन्याला दोन पायऱ्या होत्या, आता चार.
शेवटची विटांची, तात्पुरती,
गेली सहा वर्षं.
बाबा काठी टेकत उतरताना
अजून दोनच मोजतात.
काच वर जाते.

एप्रिलअखेर बाकीच्या प्लेटा चाळीस सेंटीमीटरच्या पुढं गेल्या.
सात नंबर नऊवर अडली.
लेव्हल तपासली. बेंचमार्क तपासला.
सदूवर विनाकारण ओरडले.
नळी वाकली असेल म्हणून शेजारी नवी प्लेट बसवली,
तीही तशीच हट्टी.

रात्रपाळी संपवून निघालेले काथोड मढवी
डबा हातात धरून बघत होते.
‘बाय, तिकरं आमचा बांद व्हता.’

मिठागराचा. उघाडीपासून पार ओढ्यापर्यंत.
आजा दरवर्षी चिखल काढून थापायचा,
त्यावरून बायामाणसं चालायची,
डोक्यावर मिठाची पाटी, अनवाणी.
पुढच्या साली बांध हातभर बसलेला,
पुन्हा चिखल, पुन्हा पाट्या.
‘बसू द्यायचा, मंग भरायचा.
घाय केली का उधानाला फुटतो.’
असं साठ वर्षं,
वात नाही, प्लेट नाही, वही नाही.

माती पेललेलं ओझं विसरत नाही.
त्याहून जड काही येईपर्यंत
ती फारशी दबत नाही.
याला पुस्तकात लांबलचक नाव आहे,
परीक्षेत मी ते दोन मार्कांना लिहिलं होतं.

पण इमारतीला खचणं चालतं, सगळीकडून सारखं.
एक कड खाली जाते, एक अडून राहते
आणि भिंतीत चीर उगवते तिरकी,
खिडकीच्या कोपऱ्यापासून.
म्हणजे अख्ख्या प्लॉटवरची एकमेव घट्ट जागा
हाच माझ्या रिपोर्टातला दोष.

शेऱ्याच्या रकान्यात ‘अडथळा’ लिहिलं.
खोडलं.
‘जुना बांध, खोदून काढावा.’
बांधणाऱ्याच्या नावाला रकाना नव्हता.

सोमवारी मुरूम बाजूला झाला, पोकलेन उतरला.
मढवी ड्यूटी संपूनही थांबले.
बकेटमधून पडलेलं एक ढेकूळ उचललं,
अंगठ्यानं दाबून बघितलं,
मग माझ्यापुढं धरलं, ‘दाब.’

मी दाबलं. अंगठा शिरला नाही.

सदूनं हाक मारली.
आठ नंबर. तीन मिलिमीटर.
लिहिलं. वहीच्या पानाला
काळं बोट लागलं.