सव्वादोन

पहिला नकाशा मी लाइटबिलाच्या पाठीवर काढला.
स्टेज वीस बाय बारा, मागं मखमल,
मखमलीवर थर्माकोलची दोन नावं:
विश्वंभर आणि प्रणिता.
तिच्या 'ण'चा दांडा मला कधीच सरळ कापता आला नाही,
विनाअनुदानित शाळेत
अकरा वर्षं चित्रकला शिकवूनही.

खलीलभाई मंडपवाल्यानं अल्बम पुढं टाकला.
मोर, कमळ, उघडणारा शिंपला, त्यातून निघणारी नवरी,
शिंपल्याचे पैसे वेगळे.
"मास्टर, पूरे मानवत में येइच चलरा."
प्रणिता माझ्या खांद्यावरून वाकली,
दादा, मला शिंपल्यातून नाही निघायचं.
मग कशातून?
घरातून, म्हणाली.

माळ्यावर आईच्या दुकानाचं शेवटचं खोकं होतं,
सुतळीनं आवळलेलं, वर कोळशानं लिहिलेलं: सव्वादोन.
दुकान मोडलं त्या साली बाकीचे आकडे खपले,
हे उरलं.
एवढ्या बारीक मनगटाच्या बायका
आता बाजारात येत नाहीत, आई म्हणाली,
आणि पोरींना रबरबँड आवडतात.

खोकं उघडलं तर नुसता हिरवा.
मी म्हणालो, हिरवा.
आईनं माझ्याकडं पाहिलं, जसं मी
'ढ' पोरांकडं पाहतो.
हा तुळशी, हा मुगाच्या शेंगेचा, हा पोपटी,
हा शेवाळी, हा कच्च्या कैरीचा,
हा ज्वारी निसवायच्या आधीचा,
हा तुझ्या बापाला आवडायचा, त्याला नाव नाही.
माझ्या रंगपेटीत दोनच ट्यूब आहेत.

सात रात्री आम्ही अंगणात नायलॉनच्या दोऱ्यात बांगड्या ओवल्या,
जमिनीतून अजून दुपार वर येत होती.
माझ्या हातून एक निसटली.
फुटली, मी म्हणालो.
वाढली म्हण, आई म्हणाली, खाली न बघता.

हे सगळं ती उघड्या मनगटांनी करत होती.
चौदा वर्षं ती अख्ख्या गावाचे हात भरत आली,
आणि चुड्याच्या दिवशी, कुणी काही बोलायच्या आत
तीच म्हणाली, भागूकाकूला बोलवा.
सैपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.
मी तोरणाच्या गाठी मोजत बसलो,
त्या मोजायची काहीच गरज नव्हती.

भागूकाकूला चौथी बांगडी चढेना.
प्रणिताचे ओठ पांढरे.
तेल आणा, साबण आणा, पोरीचं हाड जाड आहे...
अंगठा आत, आई उंबऱ्यातून म्हणाली.
तसा नाही. आत.
मग शब्दानं होईना म्हणून आली,
बसली, बहिणीचा हात मांडीवर घेतला,
गाठी दाबून सैल केला
आणि बोलता बोलता अकरा बांगड्या गेल्या.
काय बोलली ते मला आठवत नाही.
भागूकाकू बाजूला सरकून वारा घालत होती.

दुसऱ्या दिवशी, बेचाळीस डिग्रीत,
मखमल नव्हती. बांबूची साधी चौकट,
तिच्यावरून उतरलेल्या एकोणसाठ माळा.
अंतरपाट धरला,
त्याच वेळी लाइट गेली, कूलर थांबले,
भटजींचा माइक अर्ध्या ओळीत मेला
आणि चिंचेकडून वारा आला.
किणकिण म्हणू नका, तसा तो आवाज नव्हता.
पन्नास बायका एकदम हात हलवून
कुणाला तरी बोलावतात,
तसा काहीसा.
अक्षता हातात धरून लोक वर बघत राहिले.
मग जनरेटर सुरू झाला.

संध्याकाळी खलीलभाई शिडीवर, मी खाली.
माळ गुंडाळता गुंडाळता तो थांबला,
"अम्मा, अगले हफ्ते पाथरी का काम है.
ये किराये पे देते क्या?"

मला वाटलं, आईला राग येईल.
तिनं डोळे पुसले, पदर खोचला
आणि भाव सांगितला.
वर म्हणाली,
जेवढ्या वाढतील, त्याचे वेगळे.