अकरा किलो

यादविगाची ट्राम डेपोतून चार-बावन्नला सुटते.
तिच्या आधी मी उठतो.
पावाला डुकराची चरबी, वर मीठ, वर कांदा,
कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत सरकवतो.
एकतीस वर्षं.
लग्नात मला चार शब्द बोलता आले नव्हते,
नंतर जे काही बोललो
ते लोण्यातच बोललो.

नोव्हेंबरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अकरा किलो.
पोरसवदा बाई, नखं चावलेली.
आकडा असा सांगितला जणू दुकानाची उधारी.
गुडघे यादविगाचे, साखर यादविगाची,
केबिनमधली खुर्ची शेवटच्या खाचेपर्यंत मागे, तीही तिचीच.
मान मात्र माझी खाली गेली.

मी गिरणीत सूत तोलायचो.
वूच शहरातली शेवटची धुरांडी थंड होईपर्यंत
काट्यापुढे उभा होतो.
लडी हातात घेतली की ग्रॅम सांगायचो,
मुकादम पैज हरायचा.
आणि घरी, पळी हातात आली
की डोळे मिटून वाढलं.

गुरुवारी बाजारात तेओफिलाकडे अकरा किलो बटाटे मागितले.
"पाहुणे येतायत का, झेनॉन?"
"नाही. बघायचंय केवढे होतात."
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग एक बटाटा वर टाकला,
मी तो परत दिला.
चार मजले.
दुसऱ्यावरच श्वास फुलला,
पोतं ठेवून पायरीवर बसलो.
माझं खाली तरी ठेवता आलं.
ती रोज एवढं घेऊन चढते
आणि दारात पाऊल टाकताच विचारते,
तू जेवलास?

मग सूप लहान वाडग्यात वाढलं.
"हे मांजराचं का?" म्हणाली.
आपल्याकडे मांजर नाही, मी म्हणालो.
"दिसतंयच. असती तर उपाशी मेली असती."
आणि सगळं संपवून
पावानं वाडगा असा पुसला
की धुवायचं कामच उरलं नाही.

एका रात्री दाराखाली फ्रिजच्या उजेडाची फीत.
ती अनवाणी उभी,
नातवाच्या ताटातलं उरलेलं कटलेट हातात,
भूक लागल्यासारखी नाही,
कुणीतरी सांगितलेलं काम उरकल्यासारखी खात होती.
"टाकू कसं?"

तिची आई युद्धात वाढलेली.
खाली पडलेला पाव उचलून तिचं चुंबन घ्यायची, मग खायची.
आईची कर्णफुलं धाकटीला गेली,
यादविगाच्या वाट्याला आली आईची भूक.
स्वतः एक दिवसही उपाशी न राहता
ती अजून तिचे हप्ते फेडते आहे.

मी उपदेश करणार होतो. ओठावर आला होता.
कटलेट मोडून अर्धं घेतलं.
फ्रिजचा दिवा चालू ठेवून
आम्ही तिथंच जमिनीवर बसलो, पाय गारठेपर्यंत.
ती म्हणाली, त्याच्या ताटात कमी वाढ ना.
एवढं साधं.
चौदा वर्षं सूत तोललेल्या माणसाला
एवढं सुचलं नव्हतं.

बटाटे महिन्यात संपले:
उकडून, वर शेपू, सोबत थंड केफिर.
तिचे मात्र अकरातले अडीच गेले,
नाताळात एक परत आला
रविवारचे कपडे घालून.
काटा बाथरूममध्ये आहे. मी त्याच्याकडे बघत नाही,
ती बघते, आणि मला सांगत नाही,
पण त्या दिवशी जिन्यात शीळ घालते की नाही
यावरून मला कळतं.

चरबीची बरणी अजून खिडकीबाहेर, बर्फात.
टाकू कसं.

आता कागदात काळा पाव, दह्याचा चक्का, मुळा.
पहिल्या आठवड्यात पुडी तशीच परत आली.
दुसऱ्यात अर्धी.
काल कागद रिकामा आला, घडी घातलेला,
आत तिकिटं टोचायच्या पेन्सिलीनं लिहिलेलं:
मुळा कडू होता. मीठ कुठंय?

एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या बोलण्याला उत्तर आलं.
कागद सपाट करून टेबलावर ठेवला, त्यावर मिठाची बरणी,
आणि बाजारात जाऊन
तेओफिला ओरडेपर्यंत
मुळे चाखत उभा राहिलो.