सोय

वैजू रात्री दहाला फोन करते, तिकडं तेव्हा ऊन असतं.
शेजारचे माग चालू असतात.
ती म्हणते, बाबा, खिडकी लावू नका,
त्या खडखडाटावर मला पाठ चांगलं होतं.

तर आमचा अभ्यास असा:
ती तिकडं मुर्सियात, द्राक्षांच्या शेडमधनं सुटल्यावर
बसथांब्यावर वही उघडते,
आणि मी इकडं विट्यात, गॅलरीतल्या खुर्चीत,
तिनं धाडलेल्या यादीतला एकेक शब्द विचारतो.
माझे उच्चार ऐकून हसते. हसू दे.
पहिले दोन महिने हसत नव्हती.

पान म्हणजे पाव.
मग पानं वाढली म्हटलं तर काय वाढलं समजायचं?
नाडा म्हणजे काहीच नाही.
बरोबरच आहे, मी म्हटलं, नाडा सुटल्यावर काय राहतं?
साळुंखेतला ख त्यांना खणखणीत येतो, घशातनं,
ळ काही केल्या येत नाही.
हजेरीला ती सालुंखे.
ळ तुमच्याकडं ठेवलाय, म्हणते, सांभाळा.

मी बारा वर्षांचा होतो
तेव्हा मामांनी गलाईला नेलं, कोइमतूरला.
दुकान म्हणजे एक भट्टी, चार मुशी,
आणि तेजाबाचा वास, तो अजून खोकल्यात येतो.
पहिला शब्द आला एव्वळवु. किती.
दुसरा तंगम. सोनं.
तिसऱ्याला दिवाळी उलटली.
समोर इस्त्री करणाऱ्या सेल्वीअक्का म्हणाल्या, साप्टिया?
मी साप ऐकलं, आणि पाय वर घेतले.
जेवलास का, विचारत होत्या बिचाऱ्या.

वही नव्हती माझ्याकडं.
सराफांच्या दुकानातली झाडलोट आणायची,
माती धुवायची, पाणी सोडून द्यायचं,
तळाला काही चमकतंय का बघायचं.
भाषाही तशीच आली, चिमूट चिमूट.
पस्तीस वर्षं आली.
आता दसऱ्याच्या पालख्यांना गावाकडची पोरं परतली
आणि कुणी तमिळमध्ये शिवी दिली
की मलाच आधी हसू फुटतं.

परवा वैजू अडली.
यांच्यात आहे दोन आहेत, बाबा.
एक कायमचं, एक तात्पुरतं.
दमले आहे, ते तात्पुरतं.
मुर्सियात आहे, तेही तात्पुरतं.
लग्न झालेलं आहे,
म्हणाली, आणि पान उलटल्याचा आवाज आला,
तेही तात्पुरत्यातच टाकलंय यांनी.
त्यावर ती काही बोलली नाही. मीही नाही.
माग चालू होते म्हणून बरं.

मग मी विचारलं, आणि विट्याची आहे?
थांबा हं.
ते कायमचं.
सोय दे विटा.

सोय?
सोय म्हणजे मी आहे.

आमच्या आबांचं कार्ड यायचं महिन्याला,
अक्षर गिचमिड, मजकूर ठरलेला:
पाऊस नाही. म्हैस व्याली. सोय झाली का कळव.
आणि मी, भट्टीपासून चार हातांवर,
एका चटईवर आम्ही तिघं,
उलट टपाली लिहायचो,
सोय आहे.
खोटं लिहितोय असं वाटायचं.

हे तिला सांगायचं होतं.
तेवढ्यात वीज गेली,
माग एकदम गप्प झाले, सगळ्या गल्लीतले,
आणि त्या शांततेत ती दचकली.
बाबा? आहात ना?

दोन्हीतलं कुठलं, मी विचार करत राहिलो.
एस्तॉय, मी म्हटलं.
बरोबर, ती म्हणाली. पैकीच्या पैकी.

मग वीज यायची वाट बघत बसलो आम्ही,
मी अंधारात,
ती तिकडं, उन्हात, बस चुकवून.