सभासद क्रमांक २७

रात्री साडेअकरालाही सबस्टेशनच्या भिंतीला पाठ लावता येत नाही.
कूलर आपल्याच वासाची हवा फिरवतो.
आणि माझ्या टेबलावर, लॉगशीटच्या खाली,
पान सत्तेचाळीस, उणे एकोणतीस,
गोठलेल्या तळ्याच्या काचेखाली
एक बाई, डोळे उघडे.

तळं कसं गोठतं, मला ठाऊक नाही.
आमचं फेब्रुवारीतच संपतं,
मग पोरं त्याच्या भेगांतून खेकडे उकरतात.
पण ते गाव मी ओळखतो.
दिवसाढवळ्या सगळी दारं लावलेली,
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
कुणी निघालाच बाहेर तर डोळे तेवढे उघडे,
दुपट्ट्यात कोण आहे ते घरच्यांनीही ओळखू नये.
तिथं जानेवारी, इथं मे.
साक्षीदार दोन्हीकडे आतच बसलेले
आणि कुणीच काही पाहिलेलं नाही.

फोन.
"लाइन कवा येईन बाप्पा?"
"येते," म्हणतो, पानात बोट ठेवून.

पुस्तक वाचनालयाचं.
ग्रामपंचायतीच्या मागची खोली, दोन कपाटं, एक उधई लागलेलं.
शेवटच्या पानावर तारखेचा एकच शिक्का, तीन वर्षांमागचा,
सभासद क्रमांक २७.
समासात शिसपेन्सिल, बारीक, तिरकी,
केसपेपरवर असते तशी:
"एवढ्या गारठ्यात रक्त असं वाहत नाही."
"प्रेताचं तापमान कुणी घेतलं? लिहिलेलं नाही."
"हा फौजदार जेवतो केव्हा?"
पान १८८ वर एकच शब्द:
"डॉक्टर?"

रजिस्टर बघायची गरज पडली नाही.
शेवंता मेश्राम, उपकेंद्राच्या सिस्टर.
अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापली, माझ्या धाकटीचीही.
त्यांच्यासाठीच त्या मे महिन्यात
मी आणि वाल्मिक भोयर आर्वीला गेलो होतो,
बर्फाची लादी आणायला.
मुलगी भोपाळहून यायची होती.

आमच्याकडे बर्फ दोनच कामांना येतो,
गोळ्याच्या गाडीवर, आणि असा,
भुसा लावून, बारदान्यात बांधून.
निघताना दोन हात, पोचेतो दीड.
मागं डांबरावर पाण्याची रेघ,
आणि वळून पाहावं तर रेघ नाही.
पुस्तकात सहा महिन्यांनीही बुटाचा ठसा शाबूत राहतो.
आमच्या रस्त्यावर कुणाचा काय माग काढणार?

लादीवर निजवलं सिस्टरना.
ती एक रात्र
त्यांच्या पाठीला तिथली थंडी लागली असेल,
असं आज वाटतं.
तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा फक्त
सकाळपर्यंत पुरेल का, एवढंच.

पान २१२. कोपऱ्याला घडी.
त्यापुढं पेन्सिल नाही,
दीडशे पानं कोरा समास.
पुस्तक मुलीनंच परत केलं असणार, न उघडता.
मी घडीपाशी थांबलो बराच वेळ,
चहा गार झाला म्हणावं तर
इथं चहाही गार होत नाही.
मग उतरलो एकटाच बर्फात.

एक अठ्ठावन्नला फीडर ट्रिप.
टॉर्च घेऊन यार्डात गेलो,
ब्रेकरखाली गिट्टीवर जळालेलं वटवाघूळ,
एक पंख अजून उघडा.
वाकून हात जवळ नेला.
मृत्यूची वेळ: एक अठ्ठावन्न. अंग: गरम.
आत येऊन लिहिलं सिस्टर, तापमानसुद्धा,
साहेब विचारतील हे काय म्हणून.

खुनी कोण ते सांगत नाही.
आणखी कुणाला न्यायचं असेल पुस्तक.

पहाटे, सगळे आकडे भरून झाल्यावर,
कानामागची पेन्सिल काढली,
पान १८८ वर परत गेलो
आणि "डॉक्टर?"च्या शेजारी
बरोबर की चूक, जी होती ती खूण केली,
बारीक, तिरकी.

२१२ ची घडी उलगडली नाही.